‘इमर्जन्सी नव्हतीच’ हे ठरवायचे कुणी?

रुग्णवाहिकेच्या गैरवापराबद्दल बोलणे निघाले की आपल्याकडे आणि परदेशातही एकच सूर लागतो. गाडी आहे मरणाच्या दारातल्या माणसासाठी; चक्कर आली, कंबर धरली, रात्री एकटेपणी जीव घाबरला म्हणून कुणी ती बोलावली तर तो खऱ्या रुग्णाचा घास हिरावतो. उपायही ठरलेले असतात. पैसे लावा, दंड करा, फोनवरच नकार द्या, लोकांना जागरूक करा.

हे मत मला उथळ वाटते. तातडीची गरज नसणे हे रुग्णाच्या कपाळावर लिहिलेले असते, असे ते गृहीत धरते. प्रत्यक्षात तो तपासणीच्या शेवटी निघणारा निष्कर्ष असतो आणि तो काढण्यासाठी कुणाला तरी रात्री अडीच वाजता परक्या घरात जाऊन, फरशीवर गुडघे टेकून नाडी धरावी लागते. रुग्णवाहिकेवरची नर्स हे काम करते. माझे म्हणणे असे, की तिच्या नोकरीतला हा सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी शिकवला गेलेला भाग आहे. रुग्णाला न नेता घरी ठेवणे हा उपचाराचा निर्णय आहे. हृदयविकाराच्या झटक्याला आपण जितके शिक्षण, अधिकार आणि वेळ देतो, तितके या निर्णयालाही द्यायला हवे.

शब्दातच रुतलेली समजूत

आपला शब्दच पाहा: रुग्णवाहिका, रुग्णाला वाहून नेणारी. फ्रेंच भाषेतला मूळ प्रयोग वेगळे सांगतो. तिथे ‘हॉपिताल आंब्युलाँ’ म्हणजे चालते इस्पितळ, फौजेबरोबर फिरणारे. त्यातला ‘आंब्युलाँ’ पुढे एकटाच उरला आणि गाडीचे नाव झाला. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच शल्यचिकित्सक लारे याने लढाई चालू असतानाच जखमींना उचलणाऱ्या वेगवान गाड्या उभ्या केल्या, तेव्हापासून लोकांच्या मनात इस्पितळ मागे पडले आणि वाहणे पुढे आले.

विसाव्या शतकात गाडीला पुन्हा इस्पितळाचे रूप मिळाले, पण अगदी ठरावीक रुग्णांसाठी. १९६६ साली बेलफास्टमध्ये पँट्रिज या डॉक्टरांनी हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र गाडीत बसवले. त्याच काळात अमेरिकेत रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूंनी सरकारला हलवून सोडले होते. बंद पडलेले हृदय आणि रस्त्यावर सांडलेले रक्त, या दोन चित्रांवर आजची रुग्णवाहिका बेतलेली आहे. तिच्यातली उपकरणे, अभ्यासक्रम, मिनिटांत मोजले जाणारे यश, सगळे त्यातूनच आले. त्या चित्रांनी असंख्य जीव वाचवले आहेत आणि त्याविरुद्ध मला काहीही म्हणायचे नाही. मात्र त्या चित्रात न बसणारा माणूस दारात दिसला की गाडीतल्या माणसालाही वाटू लागते, आपण इथे चुकून आलो.

१. स्वीडनने केलेली निवड

या प्रश्नाचा विचार करायला स्वीडन हे चांगले ठिकाण आहे, कारण तिथे गाडीत कोण असावे हा निर्णय स्पष्टपणे घेतला गेला. २००५ पासून तिथे औषध देण्याच्या नियमांमुळे तातडीच्या प्रत्येक रुग्णवाहिकेवर किमान एक नोंदणीकृत नर्स असते. तीन वर्षांची पदवी, आणि त्यावर एक वर्षाचे रुग्णवाहिका-शुश्रूषेचे विशेष शिक्षण घेतलेल्या नर्सही पुष्कळ. (त्यांत पुरुषांची संख्याही मोठी आहे, मी सोयीसाठी ‘ती’ म्हणते.)

हेतू औषधांचा होता. पण नर्स आली ती आपली विद्या घेऊन आली, आणि शुश्रूषेची विद्या मुळात हृदय बंद पडलेल्या माणसापुरती नाही. माणूस जेवतो का, झोपतो का, उठून न्हाणीघरापर्यंत जाऊ शकतो का, त्याच्या घरात कोण आहे, त्याला कशाची भीती वाटते, हे तिचे पहिले प्रश्न असतात. म्हणजे अजाणताच स्वीडनने चालत्या इस्पितळात नेमके ते माणूस बसवले, ज्याला तातडीची गरज नसलेल्या रुग्णाचे काय करायचे ते कळू शकते. मला यात आशा दिसते ती इथे.

तिथली व्यवस्था फोनवरच रुग्णाचा प्राधान्यक्रम ठरवते. एक म्हणजे जीव धोक्यात, दोन म्हणजे तातडी पण जिवाला लगेच धोका नाही, तीन म्हणजे थांबू शकणारा. घरी पोहोचल्यावर नर्स श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप, शुद्ध हे मोजते, मुख्य तक्रारीशी ताडून पाहते आणि रंग ठरवते: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा. हिरव्यासाठी गाडीतल्या कपाटात फार काही नसते. तिथे तिच्याजवळ उरतात ते डोळे, हात आणि प्रश्न.

२. हिरवा रंग किती फसवतो

तातडीची गरज नसणे कपाळावर लिहिलेले नसते, या सुरुवातीच्या मुद्द्याकडे आता नीट येऊ. ऐंशीच्या पुढच्या माणसाला रक्तात जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. नाडी वाढायला हवी, पण हृदयाची गती आवरणारी गोळी चालू असेल तर ती वाढत नाही. घरचे सांगतात, ‘काल रात्रीपासून जरा गोंधळल्यासारखे करतायत, पाय उचलत नाहीत.’ फोनवर ऐकणाऱ्याच्या कागदावर याची नोंद होते ‘अशक्तपणा’. मधुमेह असलेल्या बाईला हृदयविकाराचा झटका छातीत दुखल्याशिवाय येऊ शकतो. तिला फक्त घाम येतो, मळमळते, गळून जायला होते. माझ्या मावशीने एक अख्खी रात्र ‘पित्त झालंय’ म्हणत सोडा पिऊन काढली. शेजारच्या खोलीत मुलगा झोपला होता. ‘उगाच कुणाला कशाला उठवायचं’ हे तिचे वाक्य. सकाळी तो झटका निघाला.

म्हणून ‘गरज नसेल तर फोन करू नका’ ही मोहीम मला धोक्याची वाटते. ती ऐकतात कोण? उठसूट फोन करणारा ऐकत नाही. ऐकते ती माझ्या मावशीसारखी बाई, जी आधीच संकोचाने फोनपासून दूर बसलेली असते.

आणि गरज नव्हती हे कळते ते नंतर. सगळे मोजून झाले, ईसीजी काढून झाला, तासभर गेला, मग आपण म्हणतो, काही नव्हते. फोन करताना जे कुणालाच ठाऊक नव्हते, त्यासाठी फोन करणाऱ्याला दोष देणे हा अन्याय आहे.

३. दारे बंद होतात तेव्हा उघडे राहणारे एक दार

हे सगळे मान्य करूनही असे रुग्ण उरतात ज्यांना खरोखर तातडीची गरज नसते आणि ते त्यांनाही ठाऊक असते. मग ते फोन का करतात?

स्वीडनमध्ये १९९२ च्या सुधारणेने म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीची मोठी जबाबदारी नगरपालिकांकडे गेली. वैद्यकीय उपचार मात्र प्रादेशिक सरकारांकडे राहिले. आज अशा नगरपालिका २९० आहेत आणि प्रादेशिक सरकारे २१. रुग्णालयातल्या खाटा कमी होत गेल्या. हजार लोकांमागे साधारण दोन, युरोपातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक. म्हणजे एके काळी वॉर्डात झोपलेला आजारी माणूस आता घरी असतो, पाचसहा आजार आणि दहाबारा गोळ्या घेऊन. दिवसा त्याच्याकडे मदतनीस येते, आरोग्यकेंद्र उघडे असते. रात्री त्याच्याजवळ असते गळ्यातले किंवा मनगटावरचे एक बटण, आणि तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक.

लघवीची नळी तुंबली, मदतनीस घाबरली, गोळ्या चुकून दोनदा घेतल्या गेल्या, बायको गेल्यापासूनची पहिली हिवाळी रात्र अंगावर आली, यांपैकी कशासाठीही दुसरे कोण येणार आहे? रात्री येणारे एकच माणूस शिल्लक ठेवायचे आणि त्याला बोलावले म्हणून बोल लावायचा, हे मला पटत नाही. ज्याला आपण गैरवापर म्हणतो तो बाकीच्या बंद दारांचा हिशेब आहे. नर्सच्या नोंदवहीत तो सर्वांत प्रामाणिकपणे लिहिला जातो, आणि ती वही धोरण ठरवणारे फार कमी वाचतात.

४. नेणे सोपे, ठेवणे अवघड

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. एक नमुन्याची भेट जवळून पाहू.

पंच्याऐंशी वर्षांची बाई, एकटी, न्हाणीघराच्या उंबऱ्यात घसरलेली. नर्स आधी तिला उचलत नाही, खाली तिच्याशेजारी बसते. मनगट हातात असते, पण नजर छातीवर; श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा असतो आणि आपण मोजतोय हे बाईला कळले तर तिचा श्वास बदलतो. मग पाय पाहायचे. एक आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचे हाड. डोके आपटले का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? दोन्हीची उत्तरे हो असतील तर चर्चा संपली. तिला स्कॅनसाठी न्यायचे, ती कितीही ‘मला काही झालं नाही’ म्हणो.

उत्तर नाही असेल तर खरे काम सुरू होते. निजवून रक्तदाब, मग उभे करून पुन्हा रक्तदाब. वीस आकड्यांनी खाली आला. गोळ्यांचा डबा उघडायचा: गेल्या आठवड्यात रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली आहे. फ्रीज उघडायचा: अर्धा डबा दूध, तारीख उलटलेली. सतरंजीची कड दुमडलेली. ‘स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवा.’ ती चालते, पण भिंत धरून. ‘सकाळी कोण येतं?’ उत्तर यायला वेळ लागतो.

या सगळ्यातून एक निर्णय काढायचा असतो. नेले तर नर्स सुरक्षित. तिला कुणी विचारणार नाही. पण बाईला काय मिळेल? तातडीच्या विभागातल्या अरुंद स्ट्रेचरवर काही तास, परके दिवे, परके आवाज. स्मृतिभ्रंश असलेला माणूस अशा रात्रीत पार सैरभैर होतो. म्हातारे शरीर खाटेवर काही दिवस पडले की पायांतले बळ झपाट्याने जाते आणि चालत आलेला माणूस चाकाच्या खुर्चीतून घरी परततो. ठेवले तर बाई आपल्या अंथरुणात राहील, पण पहाटे काही झाले तर नाव नर्सचे. नेण्याची जबाबदारी इस्पितळाशी वाटून घेता येते, ठेवण्याची एकटीने घ्यावी लागते. म्हणूनच व्यवस्था तिला मूक इशारा देते: जाऊ दे, ने. आणि नंतर तीच व्यवस्था विचारते, इतके हिरवे रुग्ण इस्पितळात कसे आले?

हा निर्णय नीट घेता यावा म्हणून तिला काय लागते ते फार गूढ नाही. म्हाताऱ्या माणसांचे आजार, मानसिक आजार, औषधांचे दुष्परिणाम, शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा यांचे शिक्षण. रात्री फोन उचलणारा डॉक्टर. सकाळी आरोग्यकेंद्रात थेट वेळ ठरवण्याचा अधिकार. घरी ठेवू नयेत अशा रुग्णांची लेखी यादी. आणि वेळ. मागे रेडिओवर पुढचा पत्ता येत असताना ‘सकाळी कोण येतं’ या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहता येत नाही.

असे केल्याने फरक पडतो का? ब्रिटनमधल्या शेफील्ड शहरात साठीपुढच्या ३,०१८ रुग्णांवर झालेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तिथे नर्स नव्हत्या, जादा शिक्षण दिलेले पॅरामेडिक होते. माझ्या मुद्द्याला तेवढा फरक आड येत नाही. त्यांनी घरी पाहिलेल्या गटातले ६२.६ टक्के रुग्ण तातडीच्या विभागात गेले, नेहमीच्या पद्धतीत ८७.५ टक्के. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही पहिल्या गटात कमी राहिले. अठ्ठावीस दिवसांतल्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नव्हता आणि रुग्ण जास्त समाधानी होते.

मनाच्या आजारांबाबत स्टॉकहोमने एक पाऊल पुढे टाकले. २०१५ पासून तिथे मानसोपचारातल्या दोन नर्स घेऊन जाणारी रुग्णवाहिका धावते. जीव द्यायला निघालेल्या माणसाच्या दारात पूर्वी पोलिसांची गाडी उभी राहायची. खुर्ची ओढून समोर बसणारे माणूस येणे आणि गणवेशातला माणूस येणे यांतला फरक मी इथे समजावून सांगायला नको.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सर्वांत जड आहे. नर्स एका म्हातारीच्या फ्रीजमध्ये डोकावत असताना दोन गल्ल्या पलीकडे कुणाचे हृदय बंद पडले तर? हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण हिशेब पुरा मांडायला हवा. नेण्यात वेळ जात नाही का? उचलणे, जिना उतरवणे, प्रवास, इस्पितळाच्या दारातली रांग, परत येणे. ब्रिटनमध्ये रुग्ण इस्पितळाच्या हवाली करायला पंधरा मिनिटे हे उद्दिष्ट आहे आणि हिवाळ्यात गाड्या दाराबाहेर तासन्‌तास अडकतात. घरी ठेवलेला प्रत्येक रुग्ण त्या रांगेतली एक गाडी मोकळी करतो. शिवाय हिरव्या रुग्णाकडे मोठी गाडी पाठवलीच पाहिजे असेही नाही. स्वीडनच्या काही भागांत एकटी नर्स साध्या मोटारीने जाते. त्या मोटारीत खाट नसते, आणि हृदयविकाराच्या रुग्णाची गाडी जागेवर तयार असते.

दुसरा: नर्सकडून चूक होईल. होईल. डॉक्टरकडूनही होते. प्रश्न असा आहे की चूक झाली तर ती सापडते कशी. दुसऱ्या दिवशी फोन करणे, घरी ठेवलेल्यांपैकी किती जण तीन दिवसांत पुन्हा आजारी पडले ते मोजणे, अवघड प्रकरणे आठवड्याला एकत्र बसून वाचणे, यांनी ती सापडते. सगळ्यांना उचलून नेल्याने चूक टळत नाही; ती इस्पितळाच्या गर्दीत विरघळते आणि कुणाच्याच नावावर राहत नाही.

तिसरा: लोकांना सवय लागेल. ज्यांना वारंवार फोन करण्याची सवय असते, त्यांच्या घरी नर्सने एकदा नीट तासभर घालवून सकाळच्या मदतीची सोय लावली, तर पुढचे फोन घटण्याचीच शक्यता मला जास्त दिसते. नुसते उचलून नेण्याने मूळ कारण घरीच राहते.

आणि हे डॉक्टरचे काम आहे, या आक्षेपाचे उत्तर गडचिरोलीने केव्हाच दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत, गावातल्याच शिकवलेल्या बायकांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरले होते. बाळाचा श्वास मोजून जंतुसंसर्ग ओळखणे आणि इंजेक्शन देणे, हे ‘फक्त डॉक्टरचे’ काम त्या बायकांनी केले. केरळात नगरपालिका आणि पंचायतींच्या आधाराने नर्स घरी जाऊन दीर्घ आजाऱ्यांची शुश्रूषा करतात. २००८ पासून ते राज्याचे धोरण आहे. कोण किती शिकले यापेक्षा कोणत्या निर्णयासाठी काय शिकवले, याला इथे महत्त्व आहे.

आपली १०८

महाराष्ट्राची १०८ सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. त्या वेळच्या योजनेत ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक, आणि प्रत्येक गाडीत एक डॉक्टर, बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर. म्हणजे स्वीडनने जी जागा नर्सला दिली, ती आपण डॉक्टरला दिली. तरीही आपण त्या डॉक्टरकडून काय मागतो? वेळेत पोहोचा, उचला, दाखल करा. दारात डॉक्टर उभा आहे, पण ‘याला न्यायची गरज नाही, मी इथेच पाहतो’ म्हणायला त्याच्याजवळ ना सूचना आहेत, ना मागे उभी असलेली यंत्रणा.

याची किंमत कुठे जाते ते मेळघाटात दिसते. धारणीहून अमरावतीला पाठवलेल्या माणसाला १०८ नेते, परत आणत नाही. दीडशे किलोमीटरच्या आसपासची परतवाट एसटीने किंवा भाड्याच्या जीपने. सोबतच्याची मजुरी बुडते ती वेगळी. पुढच्या वेळी ते कुटुंब फोन करताना विचार करील, आणि ती वेळ कदाचित खरी तातडीची असेल.

विशेष म्हणजे तातडी नसलेल्या गरजेसाठी गाडी देणे हे आपल्याला परके नाही. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला दवाखान्यात नेणे आणि बाळासह घरी सोडणे मोफत झाले. १०२ च्या गाड्या ते करतात. घरी परतणारी बाळंतीण कुठल्याच अर्थाने तातडीची रुग्ण नाही. तिला गाडी मिळते याला कुणी गैरवापर म्हणत नाही, कारण तिची गरज आपण आधी मान्य केली. तीच मान्यता एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला, दमेकऱ्याला, भ्रमिष्ट झालेल्या बापाला देता येते. त्यासाठी लागणारी माणसे गावात आहेत: उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी, एएनएम, आशा. १०८ च्या डॉक्टरने रात्री पाहिलेला रुग्ण सकाळी त्यांच्या वहीत दिसेल, एवढा धागा अजून कुणी जोडलेला नाही.

म्हणून सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी विनंती अगदी छोटी आहे. १०८ च्या मासिक अहवालात गाडी किती मिनिटांत पोहोचली याचा रकाना असू द्या, आणि त्याच्याशेजारी आणखी दोन रकाने आखा: जागेवर उपचार करून घरी ठेवलेले रुग्ण किती, आणि त्यांपैकी किती जणांना दुसऱ्या दिवशी फोन केला.